मिसुरी व्हॅली, १९५१ : एक जबडा, सहा फोटो आणि फुटलेली कॉन्फरन्स

इंद्रनील_प

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर मराठीत फारसं लिहिलं जात नाही. खेळ डोक्यावरून जातो, हे एक कारण. दुसरं म्हणजे ओहायो स्टेट, अलाबामा असल्या बड्या नावांपलीकडे आपली ओळख जात नाही. म्हणून मुद्दाम एका छोट्या कॉन्फरन्सचा एकच हंगाम घेतोय : मिसुरी व्हॅली कॉन्फरन्स, १९५१.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी : कॉन्फरन्स म्हणजे काही विद्यापीठांनी मिळून केलेली संघटना. आपापसांत सामने, दर हंगामाला एक विजेता, सामाईक नियम. मिसुरी व्हॅली १९०७ सालची. १९२८ मध्ये कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिसुरी वगैरे मोठी सरकारी विद्यापीठं बाहेर पडली आणि 'बिग सिक्स' म्हणून वेगळी झाली. मागे उरली ती चार : आयोवातली ड्रेक आणि ग्रिनेल, सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ, आणि स्टिलवॉटरचं ओक्लाहोमा ए अँड एम. नंतर माणसं येत-जात राहिली. १९५१ ला हूस्टन आत आलं तेव्हा ही कॉन्फरन्स उत्तरेला डेट्रॉइटपासून दक्षिणेला टेक्ससपर्यंत पसरली होती.

सगळी मेख या भूगोलात आहे. ड्रेककडून कृष्णवर्णीय मुलं खेळत होती. हूस्टनमध्ये १९६०चं दशक उजाडेपर्यंत त्यांना विद्यार्थी म्हणूनही प्रवेश नव्हता. एकाच गुणतक्त्यात ही दोन्ही नावं.

ड्रेकचा जॉनी ब्राइट हा त्या हंगामातला देशातला सगळ्यात धोकादायक खेळाडू. फोर्ट वेन, इंडियानाचा. आधी मिशिगन स्टेटला जायचं ठरलेलं, ते सोडून डी मॉइनला, म्हणजे ड्रेकच्या गावी आला, तोही अॅथलेटिक्सच्या शिष्यवृत्तीवर. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या चाचण्या देऊ द्याल ना, एवढी अट घालून. दुसऱ्या वर्षाला असताना, १९४९ मध्ये, 'टोटल ऑफेन्स'मध्ये तो देशात पहिला. म्हणजे धावून आणि फेकून मिळवलेल्या यार्डांची बेरीज. १९५० ला पुन्हा पहिला, २,४०० यार्ड. हा स्वतः पळतोही आणि पासही देतो, त्यामुळे याला रोखलं की ड्रेक संपला, हे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ठाऊक.

२० ऑक्टोबर १९५१. ड्रेक पाचही सामने जिंकून स्टिलवॉटरच्या लुईस फील्डवर उतरला. 'ब्राइट सामना संपेपर्यंत मैदानात नसेल' अशी कुजबुज गावात उघडपणे चाललेली होती आणि ती छापूनही आली होती. पहिल्या सात मिनिटांत ए अँड एमचा बचावपटू विल्बँक्स स्मिथ याने त्याला तीनदा बेशुद्ध पाडलं. यातला एक फटका नीट समजून घ्या. ब्राइटने चेंडू फुलबॅक (चेंडू घेऊन धावणारा सहकारी) जीन मॅकोंबरच्या हातात देऊन टाकलेला आहे. खेळ पुढे सरकलाय. ब्राइट मागे रिकाम्या हातांनी उभा आहे. स्मिथ चेंडूकडे न जाता त्याच्याकडे येतो आणि तोंडावर मारतो. जबडा मोडला. तेव्हा हेल्मेटला समोर गज नसायचे, चेहरा उघडा.

त्या मोडक्या जबड्याने त्याने थोड्याच वेळात जिम पिल्किंग्टनला ६१ यार्डांचा टचडाउन पास दिला, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा. मग पहिल्या क्वार्टरमध्येच (सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात) बाहेर गेला. ए अँड एम २७-१४ ने जिंकलं. स्मिथ मैदानातच राहिला, पंचांनी त्याला बाहेर काढलं नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. ही गोष्ट नेहमी 'एका गोऱ्याने एका काळ्याला मारलं' एवढीच सांगितली जाते. माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यांची आहे. ए अँड एमने स्मिथवर कारवाई केली नाही. ड्रेकने कॉन्फरन्सकडे दाद मागितली, कॉन्फरन्सनेही काही केलं नाही. शेवटी ड्रेक बाहेर पडलं आणि पाठोपाठ पिओरियाचं ब्रॅडली विद्यापीठही. मारणारा आत, मार खाणारा बाहेर. सोसायटीत एखाद्या सभासदाने दुसऱ्याच्या घरात शिरून मारहाण करावी, आणि कमिटीने 'तुमचं तुम्ही मिटवा' म्हणावं, तसं. कॉन्फरन्स नावाची गोष्ट सामने लावण्यापलीकडे कशासाठी असते, हा त्या हंगामाचा प्रश्न आहे.

मेधा_कुंटे

वाचतेय. फुटबॉल ओ की ठो कळत नाही पण हे कळलं. शीर्षकातल्या सहा फोटोंचं काय?

इंद्रनील_प

मेधाताई, ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कुणीतरी विचारेल म्हणून :)

डी मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्राने डॉन अल्टँग आणि जॉन रॉबिन्सन या दोन छायाचित्रकारांना पाठवलं होतं. कुजबुज त्यांच्याही कानावर आली होती, म्हणून त्यांनी कॅमेरा चेंडूवर न ठेवता ब्राइटवर रोखला. खेळाचा फोटो काढणारा माणूस चेंडू सोडत नाही, यांनी सोडला. शिवाय रविवारचा अंक गाठायचा म्हणून त्यांना पहिल्या क्वार्टरनंतर निघावंच लागणार होतं. म्हणजे जे घडलं ते अर्ध्या तासाने घडलं असतं तर पुरावाच उरला नसता. सहा फोटोंची मालिका दुसऱ्या दिवशी छापली, मग लाइफ मासिकात आली, आणि १९५२ चं पुलित्झर दोघांना मिळून मिळालं.

त्या मालिकेत चेंडू कुठे आहे आणि स्मिथ कुठे चाललाय हे एकाच चौकटीत दिसतं. 'खेळाच्या ओघात लागलं' असं म्हणायला जागा राहत नाही. आणि तरीही कॉन्फरन्सने ते न पाहिल्यासारखं केलं.

स्टिलवॉटरवाला

मी ओक्लाहोमा स्टेटला एमएस केलं. ए अँड एमचं नाव १९५७ मध्ये ओक्लाहोमा स्टेट झालं, तेच हे विद्यापीठ. ते लुईस फील्ड म्हणजे आजचं बून पिकन्स स्टेडियम. शिकत असताना शनिवारी केशरी टी-शर्ट घालून ओरडायला आम्ही सगळे देशी जायचो, पण ही गोष्ट मला तिथे कुणीच सांगितली नाही. डी मॉइनच्या एका सहकाऱ्याकडून ऐकली, तीही नोकरीला लागल्यावर.

एक बाजू मांडतो, रागावू नका. स्मिथ आयुष्यभर सांगत राहिला की यात वर्णाचा संबंध नव्हता. आणि तेव्हाचं फुटबॉल रानटी होतंच. समोरच्याच्या मुख्य खेळाडूला 'संपवा' हे प्रशिक्षक सगळीकडे सांगायचे. दुसरं, ब्राइट १९४९ ला याच मैदानावर खेळून गेला होता. त्या मैदानावरचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तेव्हा काही झालं नव्हतं. मग दोन वर्षांत गाव अचानक वर्णद्वेष्टं झालं का?

राजस_डीमॉइन

@स्टिलवॉटरवाला, रागावत नाही, पण असहमत.

१९४९ ला तो नवखा होता. १९५१ ला तो देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, हाइझमनच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, चर्चेत होता. 'काळा मुलगा आमच्या मैदानावर खेळून गेला' आणि 'काळा मुलगा आम्हाला आमच्याच मैदानावर हरवायला येतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राइटला स्वतःला पुढे विचारलं तेव्हा वर्णद्वेषाशिवाय हे घडणं शक्यच नाही असं त्याने सांगितलं. ज्याचा जबडा मोडला त्याच्या म्हणण्याला मी जास्त वजन देतो.

इथे डी मॉइनमध्ये इन्शुरन्स कंपन्यांमुळे आपली भरपूर मंडळी आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना ड्रेक माहीत आहे ते ड्रेक रिलेजमुळे, एप्रिलमध्ये होणारी मोठी अॅथलेटिक्स स्पर्धा. त्या निळ्या ट्रॅकच्या आतल्या मैदानाचं नाव २००६ पासून जॉनी ब्राइट फील्ड आहे. मी मुलाला घेऊन रिलेजला जातो. पाटीवरच्या नावाबद्दल तो विचारतो आणि दर वेळी गोष्टीत थोडी भर घालावी लागते.

सुहास_जो

'तेव्हाचं फुटबॉल रानटी होतं' हे खरं आहे. पण रानटीपणालाही नियम होते. चेंडू हातात नसलेल्या, खेळापासून दूर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर मारणं तेव्हाही बेकायदेशीरच होतं. आणि एकदा नाही, तीनदा.

कॅन्ससकर

विचिटात राहतो, विमान उद्योगात. विचिटा विद्यापीठही तेव्हा याच कॉन्फरन्समध्ये होतं. इथल्या लोकांना ब्राइटपेक्षा लिनवुड सेक्स्टन हे नाव जवळचं. १९४०च्या दशकातला हाफबॅक (हाही चेंडू घेऊन धावणारा), कृष्णवर्णीय, कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेलेला. पण दक्षिणेकडच्या काही सामन्यांना त्याला घरीच ठेवावं लागायचं, कारण समोरचा संघ काळ्या खेळाडूविरुद्ध उतरायला तयार नसायचा. त्याला 'जंटलमन्स अॅग्रीमेंट' म्हणत. कागदावर काही नाही. उत्तरेच्या संघाने गुपचूप आपला खेळाडू बाकावर बसवायचा, दक्षिणेच्या संघाने गुपचूप खेळायचं, बाहेर कुणी बोलायचं नाही.

म्हणून इंद्रनील म्हणतात ते पटतं. कॉन्फरन्सने १९५१ ला 'काहीच केलं नाही' हे अचानक झालेलं नाही. काही न करणं हीच त्यांची अनेक वर्षांची पद्धत होती. बदललं काय, तर फोटो निघाले.

प्राजक्ता_व्ही

थोडा कायद्याचा संदर्भ, कारण ओक्लाहोमा हे साधं 'दक्षिणेतलं आणखी एक राज्य' नव्हतं. तिथे गोऱ्या-काळ्यांना एकत्र शिकवणं हा गुन्हा होता. जॉर्ज मॅक्लॉरिन नावाच्या वयस्क शिक्षकाला ओक्लाहोमा विद्यापीठाने कोर्टाच्या दट्ट्यामुळे पदव्युत्तर प्रवेश दिला, पण वर्गात, ग्रंथालयात, कँटीनमध्ये वेगळं बसवलं. ५ जून १९५० ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की असं वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे. म्हणजे स्टिलवॉटरच्या सामन्याच्या जेमतेम सोळा महिने आधी.

खुद्द ए अँड एममध्ये पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी नॅन्सी रँडॉल्फ डेव्हिस १९४९ ला आली. तिलाही सुरुवातीला वर्गाच्या दाराबाहेर बसवलं होतं. त्यामुळे '१९४९ ला काही झालं नव्हतं' या वाक्याला माझी हरकत आहे. मैदानावर झालं नसेल, शंभर पावलांवरच्या इमारतीत होत होतं. आणि १९५१ पर्यंत कोर्टाने एक भिंत पाडली होती. भिंत पडायला लागली की जुन्या लोकांचा राग वाढतोच. स्टिलवॉटरवाला यांच्या 'दोन वर्षांत काय बदललं' या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं.

स्टिलवॉटरवाला

@प्राजक्ता_व्ही, नॅन्सी डेव्हिस यांच्या नावाचं वसतिगृह आमच्या कॅम्पसवर आहे. मुद्दा मान्य. स्मिथच्या मनात काय होतं ते मात्र तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

राजस_डीमॉइन

मनात काय होतं ते सोडा हो. तो फटका मारल्यावर त्याला विद्यापीठाकडून, प्रशिक्षकाकडून, पंचाकडून, कॉन्फरन्सकडून कुणाकडूनही शिक्षा झाली नाही. या चौघांच्याही मनात शिरायची गरज नाही, त्यांची कृती समोर आहे.

सुहास_जो

प्रशिक्षकाचा विषय निघालाच आहे तर : ए अँड एमचे प्रशिक्षक जे. बी. व्हिटवर्थ. पुढे १९५५ ते १९५७ ते अलाबामाला होते. तीन हंगामांत ४ विजय, २४ पराभव, २ बरोबरी. त्यांना काढून अलाबामाने आणला तो बेअर ब्रायंट, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एक. पुढचा इतिहास कॉलेज फुटबॉल न बघणाऱ्यालाही माहीत असतो.

नंदू_पेंडसे

मला ब्रॅडलीबद्दल कुतूहल आहे. ड्रेकचं बाहेर पडणं समजतं, खेळाडू त्यांचा होता. ब्रॅडलीने कशाला अंगावर घेतलं? इतके नैतिक होते का ते?

इंद्रनील_प

नंदूकाका, इथे गोष्ट जरा गमतीशीर होते. १९५१ हे अमेरिकन कॉलेज खेळांचं सगळ्यात लाजिरवाणं वर्ष असावं. न्यूयॉर्कमध्ये बास्केटबॉलचं पॉइंट-शेव्हिंग उघडकीला आलं : खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन जिंकण्याचा फरक कमी ठेवत. उन्हाळ्यात त्यात ब्रॅडलीच्याच खेळाडूंची नावं आली, त्यांचा लाडका जीन मेल्किओरे त्यातला. ऑगस्टमध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून परीक्षेत कॉपी केल्याबद्दल ९० कॅडेट काढले गेले, त्यात फुटबॉल संघाचे कितीतरी. आणि योगायोग बघा, २० ऑक्टोबरला दुपारी स्टिलवॉटरला ब्राइटचा जबडा मोडला आणि त्याच दिवशी शिकागोत केंटकीच्या जुन्या बास्केटबॉल संघातले अॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड यांना अटक झाली.

तेव्हा ब्रॅडलीला त्या हिवाळ्यात आपली अब्रू सावरायची गरज होती असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण त्याच गरजेतून गप्प बसून डोकं खाली घालणंही शक्य होतं, आणि बहुतेकांनी तेच केलं. कॉन्फरन्समधल्या बाकी कुणीही ड्रेकची साथ दिली नाही. विजेतेपद तुल्साने जिंकलं, हंगाम संपला, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लागलं.

कॅन्ससकर

त्या बाकीच्यांत आमचं विचिटाही आलं. सेक्स्टन ज्यांचा होता तेच.

मेधा_कुंटे

ब्राइटचं पुढे काय झालं? हा प्रश्न मी खेळापेक्षा माणसासाठी विचारतेय.

राजस_डीमॉइन

चांगलं झालं, मेधाताई.

त्या हंगामाची वाट लागली, हे खरं. जबडा तारेने बांधलेला, उरलेल्या सामन्यांत जेमतेम खेळला. तरी हाइझमनच्या मतदानात पाचवा आला. पहिला प्रिन्स्टनचा डिक कॅझमायर.

१९५२ च्या एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) निवडीत फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. हा गेला नाही. ईगल्सकडे तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, लीगमध्ये दक्षिणेकडचे खेळाडू भराभर येत होते, आणि आपल्याला कशी वागणूक मिळेल याची खात्री नाही, असं त्याने पुढे सांगितलं. स्टिलवॉटर पाहिल्यावर त्याला कोण दोष देणार? तो सरळ कॅनडात गेला, आधी कॅल्गरी, मग १९५४ पासून एडमंटन. एडमंटनने १९५४, ५५, ५६ असा सलग तीनदा ग्रे कप, म्हणजे कॅनडातलं विजेतेपद, जिंकला. १९५९ ला तो कॅनेडियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. १९६४ ला थांबला तेव्हा धावून मिळवलेले १०,९०९ यार्ड नावावर होते.

खेळता खेळताच शाळेत शिकवत होता, पुढे मुख्याध्यापक झाला. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. डिसेंबर १९८३ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान हृदयविकाराने गेला, वय ५३. एडमंटनमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे.

अल्बर्टातली_अनघा

आहे, आहे! नैऋत्य एडमंटनमध्ये. आमच्या ओळखीच्यांची मुलं तिथे जातात. इथे ब्राइट म्हणजे फुटबॉलपटू आणि शिक्षक. जबड्याची गोष्ट इथल्या लोकांना दुसऱ्या नंबरवर आठवते, मला ते छान वाटतं.

प्राजक्ता_व्ही

त्याच हंगामाची आणखी एक गोष्ट. कॉन्फरन्सची नाही, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को स्वतंत्र खेळायचं. १९५१ ला नऊपैकी नऊ सामने जिंकले. बोलचं (हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्याचं) आमंत्रण हवं असेल तर ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवा, असं सुचवण्यात आलं. संघाने नकार दिला आणि कुठल्याही बोलला गेला नाही. पैसे नव्हते, विद्यापीठाने त्या हंगामानंतर मोठं फुटबॉलच बंद केलं. टोलर पुढे एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला, १९६५ मध्ये.

मला यात फरक दिसतो तो असा की सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत खेळाडूंनी ठरवलं. मिसुरी व्हॅलीत सगळे निर्णय प्राध्यापकांच्या आणि कुलगुरूंच्या बैठकांत झाले. ए अँड एमच्या संघातला एखादा तरी मुलगा त्या आठवड्यात 'हे चूक झालं' म्हणाला असता तर?

नंदू_पेंडसे

म्हणणं सोपं नसतं हो. वीस वर्षांची पोरं, शिष्यवृत्ती प्रशिक्षकाच्या हातात.

सुहास_जो

नियमांचं राहिलं. कॉन्फरन्सने काही केलं नाही तरी एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, केलं : तोंडावर हात-कोपर मारण्याविरुद्धचे नियम कडक झाले, हेल्मेटला चेहऱ्याचं संरक्षण आणि दातांना माउथगार्ड यांची सक्ती पुढे आली. आजच्या हेल्मेटसमोरचा पिंजरा बघताना हा सामना आठवायला हरकत नाही. ब्राइट स्वतः उतारवयात म्हणायचा की आपला जबडा मोडल्याने कॉलेज खेळ थोडे सुधारले. तेवढा मोठेपणा माझ्यात नसता.

स्टिलवॉटरवाला

माफीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २८ सप्टेंबर २००५ ला ओक्लाहोमा स्टेटचे अध्यक्ष डेव्हिड श्मिडली यांनी ड्रेकच्या अध्यक्षांना पत्र लिहून विद्यापीठाच्या वतीने माफी मागितली. सामन्याला तेव्हा ५४ वर्षं होत आली होती, ब्राइटला जाऊन जवळपास २२. उशीर झाला हे मान्य, पण मागितली.

राजस_डीमॉइन

मागितली, त्याचं श्रेय आहेच. विद्यापीठाने मागितली याचंही बरं वाटतं, कारण स्मिथ तेव्हा हयात होता आणि सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात घालून मोकळं होणं सोपं होतं.

मेधा_कुंटे

आणि कॉन्फरन्स? ड्रेक परत गेलं का कधी?

इंद्रनील_प

गेलं. ब्रॅडली १९५५ ला आणि ड्रेक १९५६ ला परतलं, पण दोघंही फुटबॉल सोडून. बास्केटबॉल वगैरे खेळायचं, फुटबॉल मात्र नाही. ड्रेकचं फुटबॉल कॉन्फरन्समध्ये परत यायला १९७१ उजाडलं, म्हणजे वीस वर्षं. तोवर ओक्लाहोमा स्टेट केव्हाच बिग एटमध्ये (तीच जुनी बिग सिक्स, वाढलेली) निघून गेलं होतं. ब्रॅडलीने तर १९७० ला फुटबॉलच बंद केलं.

मिसुरी व्हॅलीने स्वतः १९८५ नंतर फुटबॉल सोडलं. आज त्या नावाची जी फुटबॉल लीग दिसते ती वेगळी संस्था आहे, नाव तेवढं सारखं. ड्रेकही आता शिष्यवृत्ती न देता पायोनियर लीगमध्ये खेळतं. २०११ मध्ये हीच मुलं टांझानियात जाऊन मेक्सिकोच्या निवडक संघाविरुद्ध सामना खेळून आली, आफ्रिकेत. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे नको.

नंदू_पेंडसे

काढा. आणि त्यात आधी चार 'डाउन' म्हणजे काय ते नीट समजावून सांगा, इथे ते कुणीच सांगितलेलं नाही.